सासूबाईंनी सांगितलेली अर्धी भाकर

माझ्या सातव्या महिन्यात आमच्या घरी एक यंत्र येऊ लागलं. तळहाताएवढं, काडीनं टोचायचं. एका आरोग्य प्रकल्पाचं ते यंत्र घेऊन सिस्टरबाई दर सोमवारी आलापल्लीहून स्कूटीवर यायच्या. गावातल्या प्रत्येक गरोदर बाईनं काय खाल्लं ते त्यात भरायचं आणि खाणं कमी पडलं की पडद्यावर लाल खूण उमटायची.

पहिल्या सोमवारी मी खरं ते सांगून टाकलं. तांदळाच्या चार भाकरी, अंबाडीची भाजी, दोन अंडी. सासूबाईंचा चेहरा उतरला. पोटुशी बाईचं खाणं मोजलं की नजर लागते, मग ते अंगी लागत नाही, हे त्यांच्या डोक्यात पक्कं होतं. नेमकी दुसऱ्या दिवशी मला उलटी झाली आणि यंत्रापुढं माझं तोंड बंद झालं. पुढच्या सोमवारपासून उत्तरं सासूबाई द्यायला लागल्या.

"खाते कुठी? अर्धी भाकर. तेबी जबरदस्तीनं."

"आणि भाजी?"

"वास घेते."

मी शेजारी बसून ढेकर गिळायचे.

तीन आठवडे लाल खूण उमटली. पाचव्या सोमवारी सिस्टरबाईंनी मला वजनकाट्यावर उभं केलं, तर वजन चांगलंच वाढलेलं. त्या एकदा काट्याकडे बघत, एकदा यंत्राकडे. खाणं अर्धी भाकर आणि वजन वर, म्हणजे ही अंगावरची सूज, असं त्यांनी ठरवलं. पायांवर काही दिसत नव्हतं, पण त्यांचा माझ्या पायांपेक्षा यंत्रावर जास्त विश्वास. उद्या जीप येईल, म्हणाल्या, बाळंत होईपर्यंत चंद्रपूरच्या मोठ्या दवाखान्यात राहायचं.

दोन महिने परक्या खाटेवर, जवळ घरचं कोणी नाही. मला जायचं नव्हतं.

"सिस्टरबाई, मी पोटभर जेवते हो. सूजबीज काही नाही."

त्यांनी माझा हात थोपटला. "सासूसमोर साऱ्याच सुना असंच सांगतात, बाई."

आता मी काहीही बोलले तरी ते सासूच्या धाकानंच बोलल्यासारखं होणार होतं. सासूबाई दारात तांदूळ पाखडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"लिवा," त्या म्हणाल्या. "काल सकाळी तीन भाकरी, रातच्याला दोन, जवसाची चटणी. परवा चार, अन् खेकड्याचा रस्सा दोन वाट्या. शुक्करवारी..."

त्या एकेक दिवस मागे जात राहिल्या. मी काय खाल्लं ते मलाही आठवत नव्हतं. चोरून खाल्लेल्या चिंचासुद्धा त्यांनी दिवसवार सांगितल्या. सिस्टरबाईंची काडी मागे पडायला लागली.

"एवढं पाठ आहे, मग मला अर्धी भाकर काऊन सांगत होत्या?"

"नजरेच्या भेवानं." सासूबाई जमिनीकडे पाहत होत्या. "माह्या पयल्या लेकराच्या वक्ती मी जेवली का उपाशी राह्यली, कोनी पाह्यलं नाई. ते सातव्यातच गेलं."

सिस्टरबाईंनी जीप रद्द केली. सासूबाईंनी मीठ-मिरच्या आणून आधी माझी दृष्ट काढली आणि मग त्या यंत्राचीही, कारण आता सगळं त्यात लिहिलेलं होतं. ओवाळून होईपर्यंत सिस्टरबाईंनी ते यंत्र दोन्ही हातांत धरून ठेवलं. मला मात्र रडू आवरेना.

सासूबाईंनी माझ्याकडे निरखून पाहिलं.

"काऊन रडून राह्यली? भूक लागली का?"