औक्षणाला मी नाही

आमची संघटना पश्चिम महाराष्ट्रातल्या उद्योगांचा परदेशांशी व्यापार वाढावा म्हणून काढलेली. परदेशी शिष्टमंडळं बोलवायची, त्यांची सभासदांशी गाठ घालून द्यायची, हे तिचं काम. मीही रीतसर सभासद. धायरीत माझा स्प्रिंगांचा कारखाना आहे. पण संघटनेनं मला काम दिलं होतं ते एकच: पाहुणे आले की नऊवारी नेसून, नथ घालून हॉटेलच्या दारात ताम्हण घेऊन उभं राहायचं. बाकी सगळे पुरुष, आणि औक्षणाला सवाष्ण हवी! अध्यक्ष मला वहिनी म्हणायचे. माझा नवरा बँकेत. अध्यक्षांनी त्याला उभ्या आयुष्यात पाहिलेलं नाही, तरी मी वहिनी.

सुरुवातीला मला याची हौसही होती. पेपरात फोटो यायचा, नारायण पेठेतल्या शेजारणी कात्रण आणून द्यायच्या. स्प्रिंगांबद्दल मात्र एकाही पाहुण्यानं कधी विचारलं नाही. विचारणार कसा? ओवाळून झालं की मी कपडे बदलायला जायचे, आणि परत येईपर्यंत गाठीभेटींची टेबलं भरलेली असायची.

गेल्या हिवाळ्यात गोष्ट गळ्याशी आली. माझा निम्म्याहून जास्त माल घेणाऱ्या कंपनीनं ज्याला माझ्या स्प्रिंगा लागायच्या ते उत्पादनच बंद करायचं ठरवलं. नवं गिऱ्हाईक मिळालं नाही तर कारखान्याला कुलूप. त्याच सुमारास जर्मनीहून शिष्टमंडळ येणार असल्याचं कळलं. त्यात शेतीची यंत्रं बनवणारे एक गृहस्थ होते. मी त्यांच्याशी भेटीची वेळ मागून घेतली.

लगेच अध्यक्षांचा फोन.

"वहिनी, नऊवारीचं लक्षात आहे ना? या वेळी हिरवी नेसा. फोटोत उठून दिसते."

"मी ओवाळणार नाही. माझी भेट ठरली आहे."

"अहो, भेट नंतर होईलच. आपली परंपरा नको का?"

"हवीच. मग आपण ओवाळा. पुरुषाच्या हातात निरांजन विझत नाही."

फोन पलीकडून ठेवला गेला.

मी साधा पंजाबी ड्रेस घालून, पर्समध्ये स्प्रिंगा टाकून गेले. ताम्हण घेऊन हॉटेलच्याच एका मुलीला उभं केलं होतं. मग दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, शाल, श्रीफळ, पगड्या. पाहुण्यांचा सत्कार झाला, मग सत्कार करणाऱ्यांचा सत्कार झाला. शेवटी वेळ उरला नाही म्हणून गाठीभेटी जेवतानाच उरकाव्यात अशी घोषणा झाली आणि माइक आभारप्रदर्शनाकडे गेला. ज्यासाठी संघटना काढली, नेमकं तेवढंच कार्यक्रमातून गळालं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. आभार चालू असतानाच मी उठले, पहिल्या रांगेत त्या गृहस्थांच्या शेजारी जाऊन बसले आणि एक स्प्रिंग त्यांच्या हातात ठेवली.

त्यांनी पगडी काढली, चष्मा लावला आणि स्प्रिंग दाबून पाहिली.

"ही कोण बनवतं?"

"मी."

त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "मागच्या खेपेला दारात तुम्हीच होता ना? माझ्या कपाळाला कुंकू लावलंत. मला वाटलं, तुम्ही हॉटेलच्या."

मग जरा संकोचून म्हणाले, त्या खेपेला ते स्प्रिंग बनवणाऱ्याच्याच शोधात होते. इथे कुणी भेटलं नाही, म्हणून काम दुसऱ्या देशात दिलं.

मला रडू आलं नाही, संताप आला. माझं गिऱ्हाईक माझ्यापासून हातभर अंतरावर उभं होतं आणि मी त्याच्या डोक्यावर अक्षता टाकत होते.

"तिकडून माल वेळेवर येतो का?" मी विचारलं.

"नाही."

"मग जेवण राहू द्या. आत्ता धायरीला चला."

ते खरंच उठले. अध्यक्ष दारापर्यंत धावत आले. "अहो वहिनी, ग्रुप फोटो राहिलाय!"

"आपण काढून घ्या," मी म्हटलं.

सिंहगड रस्त्यावर नेहमीप्रमाणे अडकलो. कारखान्यात पोहोचलो तर मशिनवरची आमची धायरीचीच बाई हात पुसत पुढे आली. "म्याडम, पाव्हणं आल्यात. कुकू लावायचं का? डबी हाय माझ्याजवळ."

"कुंकू राहू दे. मशिन चालू कर."

गृहस्थ कोट काढून मशिनपाशी उभे राहिले, बाईला प्रश्न विचारत राहिले, मी भाषांतर करत राहिले. थोड्या मालाची पहिली ऑर्डर त्यांनी तिथेच उभ्या उभ्या दिली. कुलूप तूर्त टळलं.

संघटनेच्या पुढच्या बैठकीत अध्यक्षांनी शाल-श्रीफळ देऊन माझा सत्कार करण्याचा ठराव मांडला. सगळ्यांनी हात वर केले. विरोधात कोण, असं त्यांनी रिवाज म्हणून विचारलं. मी हात वर केला आणि खाली घेतला नाही.