तेलासाठी सोडलेली जागा

काल कोल्हापूरच्या एका गॅरेजमध्ये अण्णा मिस्त्री माझ्या मुलीच्या, सईच्या, रेसिंग कारचे इंजिन जुळवत होते. शाफ्ट आणि बेअरिंग यांच्यामध्ये त्यांनी प्लास्टिकचा बारीक धागा ठेवला, झाकण मापाने आवळले आणि पुन्हा उघडले. चेपलेल्या धाग्याची रुंदी ते छापील पट्टीशी ताडून पाहू लागले. केसाहूनही बारीक ती फट मोजताना त्यांचा श्वाससुद्धा हलका झाला होता.

“एवढी तरी फट कशाला?” मी विचारले.

“मग तेल कुठं ऱ्हायाचं, साहेब? शाफ्ट तेलावर तरंगतोय. लोखंडाला लोखंड टेकलं की खेळ खलास!”

मी वरमलो. गेल्या वर्षी सईने पातळ तेल सांगितले असताना मी हट्टाने दाट तेल भरले होते. दाट ते भक्कम, अशी माझी समजूत. त्या अरुंद फटीत ते पुरेसे पोचले नाही आणि ऐन शर्यतीत बेअरिंग जळाले. चूक माझी होती, हे मी तिच्याजवळ कधी कबूल केले नाही. मोकळी जागा म्हणजे कारागिराची कसूर, असे मी मानत आलो; घरातही सईला ती कधी दिली नाही. ती जागा इतक्या मायेने राखावी लागते, हे अण्णांच्या काळवंडलेल्या बोटांनी दाखवले.

संध्याकाळी सई आली.

“माप जमलंय बघ, पोरी,” अण्णा डोळे मिचकावत म्हणाले. “तेल कुठलं, ते बाबांस्नी इचार.”

“मागचं इंजिन माझ्यामुळे गेलं, सई,” मी म्हणालो. “तेल तू सांग.”

मग तिने पातळ तेलाचा डबा उचलला आणि ओतण्यासाठी माझ्याच हातात दिला.