आठवण नक्की कोणाला येते

चेन्नईजवळ सिरुसेरीतल्या आमच्या ऑफिसात किराण्याच्या एका अ‍ॅपमधली इंग्रजी वाक्यं अरबीत करून घ्यायचं काम माझ्याकडे आहे. मला अरबी येत नाही. भाषांतर कैरोतल्या एक बाई करतात, मी मधला हमाल.

एकदा ‘मिस’ हे क्रियापद आलं. बरेच दिवस न फिरकलेल्या गिऱ्हाइकाला अ‍ॅपने म्हणायचं होतं, आम्हाला तुमची आठवण येते. बाईंनी मेलवर विचारलं, आठवण नक्की कोणाला येते? मी खरं ते कळवलं: कोणालाच नाही, संदेश आपोआप जातो. मग ते क्रियापद मी वापरणार नाही, त्या म्हणाल्या, ते माणसांनी माणसांना म्हणायचं असतं. त्यांनी लिहिलं, ‘बरेच दिवस दिसला नाहीत, सगळं ठीक आहे ना?’ मॅनेजरला ते अळणी वाटलं. आठवडाभर दोघांच्या मध्ये मेल करकरून मी इतका वैतागलो, की शेवटी बाईंचंच वाक्य राहू दिलं.

पुढे मी तापाने आजारी पडलो. वेस्ट मांबलमच्या खोलीवर एकटाच होतो. ऑफिसातून फोन यायचे, ते अमुक फाइल कुठे आहे एवढंच विचारायला. एका दुपारी फोनवर अ‍ॅपचा संदेश आला. चाचणीसाठी ते मी अरबीत ठेवलं होतं. अक्षरं वाचता येत नसली तरी भांडून भांडून त्या ओळीचा चेहरा मला पाठ झाला होता. सगळं ठीक आहे ना, असं ती विचारत होती.

संदेश आपोआप जातो, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तरी उत्तर कुठे लिहायचं, ते मी शोधत राहिलो.