चुलबंदच्या वाळूत आफ्रिका

आफ्रिकेच्या जंगलात जीप चालवायची असेल तर तयारी साकोलीहून सुरू करावी, असं कोणीही सांगत नाही. मी ती साकोलीहून सुरू केली.

आणीबाणी उठून दोन-तीन वर्षं झाली असतील. माझी साकोलीत छोटी राइस मिल होती आणि मिलच्या कामाला मिलिटरीच्या लिलावातली एक जुनी जीप होती. माझा साळा वसंता झांबियात एका शाळेत गणित शिकवायचा. तो गेला त्याला नऊ वर्षं झाली होती. माझी बायको मालती त्याची थोरली बहीण. भावाचं लग्न तिकडेच झालं, मुलगा झाला, तो चालायला लागला, बोलायला लागला, आणि हे सगळं मालतीला पत्रातून कळलं.

त्या दिवाळीनंतर वसंताचं पत्र आलं. उन्हाळ्यात या, तिकिटं पाठवतो, बारा दिवस गाडीनं जंगलं पाहू, रात्री तंबूत राहू. मालतीनं पत्र तीनदा वाचलं आणि देव्हाऱ्यात ठेवलं. चौथ्यांदा मी वाचलं तेव्हा शेवटचा परिच्छेद नीट कळला. वसंताच्या पाठीचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरनं त्याला लांबचं ड्रायव्हिंग बंद केलं होतं. त्याच्या बायकोला गाडी येत नव्हती. ‘पण तुम्ही असताना चिंता कसली,’ असं त्यानं लिहिलं होतं. ‘नागझिऱ्याचं जंगल तुमच्या जीपला अंगणासारखं आहे, असं तुम्हीच मागच्या पत्रात लिहिलंत. गाडी मित्राची मिळते. ती तयार करायची आणि चालवायची तुम्ही.’

आता खरं काय ते सांगतो. नागझिऱ्याचं फाटक माझ्या जीपनं फक्त बाहेरून पाहिलं होतं. एरवी जीप लक्ष्मण ड्रायव्हर चालवायचा. मी चालवायचो ती मिलपासून बस स्टँडपर्यंत, डांबरी रस्त्यानं, आणि तीसुद्धा समोरून ट्रक येत नसेल तर. (ट्रक येत असेल तर मी बाजूला उभी करून पान खायचो. लोकांना वाटायचं, शौकीन माणूस आहे.) मग असं पत्र का लिहिलं? साळ्याला पत्र लिहिताना माणसाचा हात जरा मोकळा सुटतो, एवढंच.

खरं सांगून टाकावं म्हणून मी स्वयंपाकघरात गेलो. मालती भाच्यासाठी स्वेटर विणत होती. आफ्रिकेत स्वेटर कशाला, असंही मला विचारवलं नाही. मी पाणी पिऊन परत आलो आणि ठरवलं की मे महिन्यापर्यंत शिकायचं. काय वाट्टेल ते झालं तरी शिकायचं.

मी वसंताकडून सामानाची यादी मागवली. दोन पानांची आली. दोन जादा चाकं, पाण्याचे आणि पेट्रोलचे डबे, फावडं, दोर, हवेचा पंप, वाळूत चाकाखाली घालायला दोन लांब फळ्या, टपावर तंबूची सोय, दोन दिवसांचं खाणं. खाली गाडी फसली तर काय करायचं त्याचे नियम होते, आणि लाल शाईनं लिहिलं होतं की हे सगळं गाडीत भरून, चार माणसांसह, वाळूत आणि पाण्यात आधी सराव करा. मी यादी मिलच्या भिंतीला चिकटवली आणि गफ्फार मिस्त्रीला बोलावलं.

गफ्फारचं गॅरेज हायवेवर होतं. माझी जीप त्याच्याच हातातली. तो यादी वाचून म्हणाला, इतकं सामान तर बारातीतही नसते. पण काम हौसेनं घेतलं. जीपला कापडी हूड होतं, त्यावर तंबू कसा ठेवणार? मी मालतीला विचारून आमच्या लग्नातला लोखंडी पलंग दिला. गफ्फारनं जीपला चार पाइप जोडले आणि त्यांवर पलंग उलटा बांधला, सामान अडकून राहावं म्हणून पाय वर. लांबून पाहिलं तर जीपच्या डोक्यावर बकरी उताणी झोपल्यासारखी दिसायची.

फळ्या मिळेनात. मग मी बाबूजींच्या खोलीच्या दाराचे दोन पल्ले काढले. बाबूजी म्हणजे माझे वडील. जंगल खात्यात गार्ड होते, रिटायर होऊन माझ्याजवळ राहायचे. सारी नोकरी त्यांनी पायी केली होती, त्यामुळे जीपबद्दल त्यांना आदर नव्हता. दार निघताना ते खाटेवर बसून पाहत होते.

“वाळूत गाडी फसली तं दार पायजे,” ते म्हणाले. “आन् थंडीत मी?”

मी त्यांना दोन गोधड्या जास्तीच्या दिल्या.

एव्हाना गावात बातमी फिरली होती की राइस मिलवाला जीपनं आफ्रिकेला चालला आहे. चहाच्या टपरीवर वाद झाला की रस्ता नागपूरकडून जातो की रायपूरकडून. किराणा दुकानदारानं मुंबईच्या पुतण्यासाठी जवसाच्या चटणीचा डबा आणून दिला, रस्त्यातच पडते म्हणून. जीप साकोलीतच राहणार, मी विमानानं जाणार, हे मी पहिल्या दिवशी सगळ्यांना समजावलं. दुसऱ्या दिवसापासून समजावणं सोडलं. खरं सांगायचं तर ऐकायला बरं वाटत होतं.

तयारीच्या शेवटी गफ्फार हात पुसत म्हणाला, “भाऊ, बाकी सब ठीक हाये. पुढचं काय करायचं?”

“पुढचं मी पाहतो,” मी म्हणालो. मला वाटलं, तो आफ्रिकेचं विचारतो आहे.

डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी आम्ही चुलबंद नदीवर निघालो. तेव्हा नदीला गुडघाभर पाणी आणि अलीकडे ही रुंद वाळू. चार माणसांचं वजन हवं होतं, म्हणून मी, मालती, वसंताच्या जागी गफ्फार आणि वसंताच्या बायकोच्या जागी बाबूजी. ‘मी कोण होय?’ असं त्यांनी एकदा विचारलं. मी सांगितलं. त्यानंतर घाटापर्यंत ते तोंड फिरवून बसले.

वाळूच्या काठावर मी जीप थांबवली. चारही चाकांना ताकद देणारी जी दांडी असते, तिच्याबद्दल सगळ्यांना माहिती दिली. साध्या गाडीत इंजिन फक्त मागची चाकं फिरवतं. ही दांडी ओढली की पुढचीही फिरतात, मग वाळू काय नि चिखल काय. मालती कौतुकानं ऐकत होती. मी दांडी ओढली. ती खट्‌ करून बसली. तो आवाज मला फार आवडला.

जीप साधारण चाळीस पावलं गेली आणि बसली.

मी ॲक्सिलेटर दाबला. मागून वाळूचा फवारा उडाला आणि जीप आणखी खाली गेली. फवारा बाबूजींच्या तोंडावर बसला होता, ते त्यांनी टॉवेलनं पुसलं. मी म्हणालो, घाबरायचं नाही, यादीत सगळं लिहिलं आहे. वाळूत चाकांची हवा थोडी कमी करावी असं लिहिलं होतं. मी करायला घेतली. थोडी म्हणजे किती, ते लिहिलं नव्हतं. जीप हळूहळू खाली बसली, थकलेली म्हैस बसते तशी. हवा भरायला गेलो तर पंप पलंगावर सगळ्यात खाली बांधलेला. तो काढायला पाण्याचे डबे, गाद्या, तंबू आणि चटणीचा डबा उतरवावा लागला. अर्धा तास पंप मारून चाकं सरळ केली. मग दाराचे पल्ले आणले, मागच्या चाकांखाली खुपसले, आणि मी पूर्ण निश्चयानं ॲक्सिलेटर दाबला. एक पल्ला जागेवर फुटला. दुसरा चाकाखालून असा सुटला की थेट नदीत जाऊन पडला आणि कडीकोयंड्यासकट वाहून गेला. बाबूजी तो दिसेनासा होईपर्यंत पाहत राहिले.

मग ते उठले आणि जीपभोवती सावकाश एक चक्कर मारून आले. खाली वाकून वाळू पाहिली. जन्मभर त्यांनी वाघाचे माग असेच पाहिले होते.

“पुढचे चाकं फिरूनच नाही राहिले,” ते म्हणाले.

मी त्यांना पुन्हा दांडीबद्दल समजावून सांगायला लागलो.

“मागच्यानं एवढाले गड्डे केले,” ते म्हणाले. “पुढच्यानं वाळूले हातसुद्धा नाही लावला. माग खोटं नाही बोलत.”

गफ्फार जीपखाली शिरला. बराच वेळ बाहेर आला नाही. बाहेर आला तेव्हा माझ्याकडे न पाहता म्हणाला, “पुढचा शाफ्ट कुठं हाये, भाऊ?”

शाफ्ट म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या चाकांपर्यंत नेणारा लोखंडी दांडा. तो नसला तर वरची ती खट्‌ वाजणारी दांडी नुसती खट्‌ वाजते. मी म्हणालो, कुठं म्हणजे, जीपलाच असेल.

“तुम्हीच तं बोलले होते,” गफ्फार म्हणाला. “चार वर्सं झाले. पेट्रोल लय खाऊन राहिली, पुढचा शाफ्ट काढून टाक. मी काढून दिला. त्या दिवशी विचारलं बी, पुढचं काय करायचं. तुम्ही म्हटलं, मी पाहतो.”

आणि मला आठवलं. मिलचं फाटक आपोआप लागावं म्हणून त्याला साखळीनं एक लोखंड लोंबकळत बांधलेलं होतं. फाटक बरोबर लागायचं. त्याला चार वर्षं रोज सकाळी मीच ग्रीस लावत होतो.

गफ्फार बैल कुठे मिळतात का पाहायला गेला. बाबूजी नदीच्या काठाकाठानं दार शोधायला गेले. मी आणि मालती वाळूत त्या डब्यांशेजारी बसलो. आता बोलल्याशिवाय इलाज नव्हता. मी तिला सगळं सांगितलं. नागझिऱ्याचं, अंगणाचं, ट्रक पाहून पान खायचं. म्हणालो, वसंताला कळव की आम्ही येत नाही, चूक माझी आहे.

ती बोटानं वाळूत बांगडीएवढा एक गोल काढत होती.

“मले माहीत होतं,” ती म्हणाली. “तुमच्या त्या पत्राच्या खाली दोन ओळी मीच लिहिल्या होत्या ना. वरचं वाचल्याबिगर लिहीन का?”

“मग काहून नाही बोलली?”

“भावाले वाटलं पायजे ना, का आपली बहीण जीपमध्ये फिरते, मजेत हाये.” तिनं वाळूतला गोल पुसला. मग पदर झटकून उठली. “आता खोटं लिहून झालं. थे खरं करा. मी नाही लिहीत येत नाही म्हणून. पाच महिने हायेत.”

तेवढ्यात गफ्फार एक गाडीवान घेऊन आला. भाताच्या तणशीच्या गाडीचे दोन हेले, म्हणजे धिप्पाड रेडे, त्यानं सोडून आणले होते. जीपवरचा उलटा पलंग पाहून त्यानं विचारलं, कुठं जाऊन राहिले. मी डबे मोजायला लागलो. बाबूजी रिकाम्या हातानं परतले होते, त्यांनी सांगितलं, आफ्रिकेत. गाडीवानानं मान हलवली आणि दोर बांधता बांधता म्हणाला, “माझे हेले काठापर्यंतच येतीन. पुढचं तुमचं तुम्ही पाहा.”

हेल्यांनी जीप ओढून काठावर आणली. त्यांना दांडीबिंडी काही ओढावी लागली नाही.

दुसऱ्याच दिवशी फाटकाचं लोखंड सोडून जीपला लावलं. (फाटक तेव्हापासून उघडंच राहू लागलं आणि गाईंना मिलचा कोंडा आवडू लागला.) बाबूजींना नवं दार केलं. आणि दर रविवारी मी चुलबंदवर जाऊ लागलो. कधी लक्ष्मण सोबत, कधी गफ्फार, मालती मात्र नेहमीच. ती काठावर बसून यादी हातात धरायची आणि मी फसलो की नियम वाचून दाखवायची. जानेवारीभर मी फसलो. तो गाडीवान रविवारी हेल्यांना मुद्दाम त्या बाजूला चारू लागला. फेब्रुवारीत फसून आपला आपण निघू लागलो. मार्चमध्ये एक दिवस भरलेली जीप वाळूतून, पाण्यातून, पलीकडच्या दरडीवर चढली आणि थांबली, तेव्हा मला कळेना की आता उतरून काय करायचं. अलीकडच्या काठावर मालती उभी राहून दोन्ही हात हलवत होती.

मे महिन्यात आम्ही गेलो. विमानतळावर बहीणभाऊ भेटले ते मी लिहीत नाही. मला ते नीट दिसलंही नाही, डोळ्यांत काहीतरी गेलं होतं. घरी पोचल्यावर वसंताच्या बायकोनं चहा पुढे केला, तर मी आधी अंगणातल्या गाडीखाली शिरलो आणि पुढचा शाफ्ट हातानं चाचपून पाहिला. वसंता बायकोला म्हणाला, बघ, भाऊजी किती पक्के आहेत. मालतीनं तोंडाला पदर लावला.

बारा दिवस मी गाडी चालवली. वाळूच्या नद्या ओलांडल्या. एका ठिकाणी हत्तींचा कळप रस्त्यातून हलेपर्यंत तासभर थांबलो. दोनदा फसलो, दोनदा निघालो. मागे बहीणभाऊ नऊ वर्षांचं बोलत होते आणि भाचा मालतीच्या मांडीवर झोपत होता, अंगात स्वेटर घालून. सकाळी तिथे खरंच थंडी असते.

बाराव्या दिवशी आम्ही परत वसंताच्या गल्लीत शिरलो. सपाट डांबरी रस्ता, दुपारची वेळ. सगळे शेजारी फाटकाशी येऊन हात हलवू लागले. मला वाटलं, आपणही हलवावा. एक हलवला. मग दुसरीकडेही लोक उभे होते, म्हणून दुसराही हलवला.

गाडी वसंताच्या दारासमोरच्या नालीत गेली.

कोणाला काही लागलं नाही. वसंताच्या कॅमेऱ्यात एकच फोटो उरला होता. बारा दिवस त्यानं सिंह, जिराफ, हत्ती यांवर रीळ खर्च केलं होतं, ड्रायव्हरचा फोटो कोण काढतो. तो तेव्हा त्याच्या बायकोनं काढला. आफ्रिकेत गाडी चालवतानाचा माझा तेवढा एकच फोटो आहे. गाडी तिरपी, माझे दोन्ही हात अजून वर, आणि रस्त्यावर उभे बहीणभाऊ एकमेकांना धरून हसताहेत. मालतीनं तो मोठा करून बैठकीत लावला आहे. पाहुण्यांनी विचारलं तर मी सांगतो, मागून हत्तीनं धक्का दिला. पण आधी मालती घरात नाही ना, एवढं पाहून घेतो.