मिस्टेक कुणाची

लॉन्ड्रीतल्या मावशींना इंग्रजीतले जेमतेम दहा-बारा शब्द येत. त्यांतला ‘मिस्टेक’ त्यांना आवडायचा. ‘चूक’ म्हटलं की कुणीतरी कान पिळतंय असं वाटतं. ‘बाय मिस्टेक झालं’ म्हटलं की माणूस सुटतो, असं त्यांनी एकोणीस वर्षांत पाहिलं होतं. चादर जळाली तर ती बायकांची चूक. सुपरवायझरने दोन हॉटेलांचे गठ्ठे उलटसुलट पाठवले की ती मिस्टेक.

मावशी इस्त्रीच्या मशीनवर होत्या. दोन तापलेले रूळ सतत फिरत, त्यांच्यामध्ये ओली चादर सरकवायची. रुळांपुढे एक लोखंडी दांडा होता. हात त्याला लागला की मशीन थांबायचं. चादरीचा बोळाही त्याला लागायचा, काम रेंगाळायचं. सुपरवायझरने दांडाच काढून टाकला. मावशी म्हणाल्या, राहू द्या ना साहेब. तो म्हणाला, एवढी वर्षं झाली, अजून हात कुठे ठेवायचा ते कळत नाही का?

पाचव्या दिवशी चादरीची दुमडलेली कड सोडवताना मावशींचा उजवा हात ओढला गेला. शेजारच्या बाईने धावत जाऊन बटण बंद केलं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं ते गेलंच.

सुपरवायझर हॉस्पिटलात फळं घेऊन आला. स्टूल ओढून बसला आणि मान खाली घालून म्हणाला, “मावशी, बाय मिस्टेक झालं हो.”

मावशींना भरून आलं. एवढा मोठा माणूस आपल्यापुढे कबूल करतोय. त्यांनीच त्याची समजूत घातली, की तुम्ही काय मुद्दाम केलंत का. मग त्याने खिशातून इंग्रजी कागद काढला. आत्ता बोललो तेच लिहिलंय, म्हणाला. मावशींनी डाव्या हाताने वेडीवाकडी सही केली, आणि जाताना त्याला नीट जा म्हणाल्या.

कागदाची प्रत घरी सुनेने वाचली. परत वाचली.

“आई, यात मिस्टेक तुमची आहे. दांडा जागेवर होता, तुम्ही तो उचलून हात घातलात, असं लिहिलंय. भरपाई मागणार नाही, असंही.”

मुलगा आईवरच उखडला. न वाचता सही करायला तू काय लहान आहेस?

मावशी पट्टी बांधलेल्या हाताने लॉन्ड्रीत गेल्या. साहेब, तुम्हीच म्हणाला होतात ना, म्हणून त्यांनी विचारलं.

“म्हणालो की,” सुपरवायझर म्हणाला. “पण कुणाची, ते कुठे म्हणालो?”

वर त्याने उपकार केल्यासारखं त्यांना उशांच्या खोळी घडी करायला बसवलं. नव्या बायका भरती झाल्या की मावशींना मशीनपाशी बोलवायचा. मावशी, हात वर करा. बघा गं, लक्ष नसलं की काय होतं. मावशी हात वर करायच्या. बायका तोंडावर पदर धरायच्या. आरडाओरड न करता शिस्त लागते, असं तो मालकाला सांगायचा.

चौथ्या वेळी मावशींनी हात वर केला आणि म्हणाल्या, “इथे दांडा होता. यांनी काढला.”

सुपरवायझर रागावला नाही. बायकांकडे बघून त्याने आपल्या डोक्याशी बोट फिरवलं. बटण दाबून जिने मशीन थांबवलं होतं, ती सगळ्यांत आधी हसली. नव्या बायकांपैकी एकीनेच विचारलं, मग दांडा आता कुठे आहे? त्याने त्याच दुपारी तिला त्या मशीनवर उभं केलं.

मावशींना दुसऱ्या दिवसापासून येऊ नका म्हणून सांगितलं. त्या आता घरी बसून एका खानावळीसाठी लसूण सोलतात. तीन बोटांत पाकळी ठरत नाही, निसटते. सून म्हणते, गप्प राहिला असतात तर काय बिघडलं असतं? मावशी निसटलेली पाकळी पुन्हा उचलतात.