रीमच्या पायांची मेंदी

माझ्या नवऱ्याला हे माहीत नाही. सख्ख्या बहिणीला नाही, मुलीला तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय, ते मलाही नीट कळत नाही — तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच असेल.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आम्ही शारजात राहायचो. नवरा हमरिया फ्री झोनमध्ये नोकरीला, आणि मी लग्नघरी मेंदी काढायचे. बर दुबईपर्यंत माझं नाव होतं, हे सांगायला मी लाजत नाही. आणि उन्हाळ्यात — हसू नका — मी कुत्र्यांच्या पायांना मेंदी लावायचे.

सलुकी म्हणजे तिकडची शर्यतीची कुत्री. सडपातळ, लांब तोंडाची. शर्यती सगळ्या थंडीत, उन्हाळाभर त्यांना सुट्टी. आणि सुट्टी तरी कशी — दिवसभर एसीच्या खोलीत लोळायचं, पहाटे हौदात पोहायचं, संध्याकाळी दूध-खजूर. आपल्या नशिबात कुठली? पण बसून बसून पायांचे तळवे मऊ पडतात, मग हिवाळ्यात वाळूवर सोलून निघतात. म्हणून तिथली जुनी माणसं उन्हाळ्यात तळव्यांना मेंदी लावतात. तळवा घट्ट होतो.

हे काम मला दाऊदभाईंनी मिळवून दिलं. रत्नागिरीकडचे, माझ्या माहेरच्या शेजारगावचे. शहराबाहेर एका अरबाबाकडे, म्हणजे मालकाकडे, ते ही कुत्री सांभाळायचे. मला वहिनी म्हणायचे. रीम नावाच्या कुत्रीवर त्यांचा फार जीव. तीही त्यांच्याशिवाय कुणाच्या हातचं खायची नाही.

मला मात्र त्या कामाची लाज वाटायची. नवरीचे हात रंगवणारी मी, आणि कुत्र्याचा पंजा मांडीवर घेऊन बसलेय. घरी आले की नवरा चिडवायचा, आज किती नवऱ्या झाल्या? मी हसायचे, पण आतून झोंबायचं.

त्या दिवशी बर दुबईत एका लग्नाची मेंदी होती आणि मला उशीर झाला होता. बाकीची कुत्री झाली होती, एकटी रीम राहिलेली. साधी मेंदी लावायची, वर कापड बांधायचं, रंग चढेपर्यंत धरून बसायचं — कोण बसणार? पिशवीत काळी पूड होती, लग्नघरी कुणाचे केस काळे करायला ठेवलेली. ती मेंदीत कालवली की अर्ध्या तासात काम खलास. मी कालवली. रीमचे तळवे मुळातच काळे, फरक कुणाला दिसणार?

मला माहीत नव्हतं का? होतं. हेच तर सांगायला बसलेय. आदल्या वर्षी त्याच पुडीने एका मुलीच्या तळहाताला फोड आले होते. तेव्हापासून माणसाच्या हाताला मी ती लावतच नव्हते. मग रीमला का लावली? कुत्र्याच्या पायाला काय होतंय — असं मी मनात म्हटलं. शब्दन् शब्द आठवतो.

आठवड्याच्या आत रीमचे चारही तळवे फोडांनी भरले, मग कातडी सुटली. जनावरांचा डॉक्टर म्हणाला, भाजलंय. मेंदीवर कुणाचा संशय जाणार? इतरांनाही मेंदी मीच लावलेली, ती सगळी ठणठणीत. हौदाकडे जाताना मात्र डांबरी रस्ता ओलांडावा लागायचा. अरबाबाने ठरवून टाकलं — दाऊद उशिरा उठला आणि ऊन चढल्यावर तिला डांबरावरून घेऊन गेला.

दाऊदभाई माझ्याकडे आले. आत या म्हटलं तरी आले नाहीत, दारातच उभे राहिले.

"वहिनी, रीमच्या मेंदीत काही वेगळं होतं का हो?"

"नाही हो भाई. नेहमीचीच."

चहा ठेवू का, असं विचारावं इतक्या सहज मी ते बोलले. त्यांनी मान हलवली आणि गेले.

त्यांचा व्हिसा रद्द झाला. परत कुणी बोलावलं नाही. कुत्र्याचे पाय जाळणारा माणूस कुणाला हवा? रीम पुन्हा पळाली नाही. ते गेल्यावर तिने खाणं टाकलं म्हणे, आणि थंडी पडायच्या आत मेली. मी बघायला गेले नाही.

बोलले असते तर माझं काय गेलं असतं? काम गेलं असतं, थोडं नाव गेलं असतं. आमचा व्हिसा नवऱ्याच्या नोकरीवर होता, त्याला धक्का लागत नव्हता. म्हणजे भीतीसुद्धा धड नव्हती.

काही वर्षांनी सुट्टीत गावी आले, तेव्हा त्यांच्या मुलीचं लग्न होतं. मेंदीसाठी मला हौसेने बोलावलं. दाऊदभाई पार वाळले होते. पडवीत पाहुण्यांना तिकडच्या गोष्टी सांगत होते, मला आत सगळं ऐकू येत होतं. कुणीतरी विचारलं, मग परत का आलात?

"चूक माझीच. एखाद दिवशी डोळा लागला असणार, ऊन चढलं असणार. मुक्या जनावराचे पाय जाळले मी."

असणार, असणार करता करता त्यांनी ते खरंच मानलं होतं. रोज नमाज झाली की त्याची माफी मागतो, म्हणाले. आता दाऊदभाईही नाहीत.

त्या दिवशी ते दहा पावलांवर बसले होते, आणि त्यांच्या लेकीचा तळहात माझ्या मांडीवर होता. मी मान वर केली नाही. वेल पुरी केली, पानं भरली. बायका म्हणाल्या, काय सुरेख काढलीस गं. बघण्यासारखीच झाली होती. माझा हात एकदाही हलला नव्हता.