दारापर्यंत कोण जाणार

"उजव्या दंडाच्या हाडात सिम्पल बोन सिस्ट आहे," डॉक्टर एक्स-रे दाखवत म्हणाले. "म्हणजे हाडातच पाणी भरलेली पोकळी. कॅन्सर नाही."

शेवटचं वाक्य मी त्यांच्याकडून तीनदा वदवून घेतलं. आमची ईशा दहा वर्षांची. दप्तर उचलताना दंड दुखतो म्हणायची आणि मी तिला कामचुकार म्हणायचे.

हाड पातळ झालं होतं, कधीही मोडलं असतं. पोकळी खरवडून त्यात हाडाची भर घालायची आणि बायोअ‍ॅब्सॉर्बेबल पिना बसवायच्या असं ठरलं. या पिना शरीरात हळूहळू विरघळतात. त्या काढायला पुन्हा ऑपरेशन लागत नाही.

आधी एमआरआय झाला. त्याचं औषध सोडायला हाताला सुई लावताना मी तिला सांगितलं, "काही दुखणार नाही." शीर सापडेना. तीनदा टोचलं. त्यानंतर ती माझ्याशी बोलेना.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी जोगेश्वरीहून माझी नणंद, मीनाताई, आली. ईशाने तिला विचारलं, "आत्या, खूप दुखेल?"

"दुखतला गो बाय. रडू पण येतला. मगे औषध देतले, कमी होतला."

मला संतापच आला. पोरीला घाबरवायचं काय कारण? पण ईशा तिचा हात धरून शांत झोपली. उठल्यावर पाणीसुद्धा आत्याच्याच हातून हवं. नऊ महिने पोटात वाढवली मी, आणि मान महिन्यातून एकदा येणाऱ्या बाईला. मी जळत होते. लाज वाटत होती, तरी जळत होते.

ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत एकालाच सोडतात. सिस्टरने विचारलं, "कोण येतंय?" ईशा म्हणाली, "आत्या." मी तिच्या चपला हातात घेऊन मागे राहिले. सगळं नीट झाल्याचं मीनाताईच्या आधी मला कळावं म्हणून डॉक्टर बाहेर येताच धावलेही.

टाके काढायच्या दिवशी मीनाताईही आली होती, पण ईशाने पहिल्यांदा मला विचारलं, "आई, दुखेल?"

"दुखेल," मी म्हटलं. "किती, ते मलाही माहीत नाही."

तिने जरा विचार केला. "मग तू थांब माझ्याजवळ."

मुलांना दवाखान्यात नेणार असाल तर खरं सांगा. मी हे मीनाताईकडून शिकले, तिचे उपकार आहेतच. पण त्या दिवशी तिला बाहेर बाकावर बसवून मी दार लावून घेतलं.